सातवी, सेमी, गणित, संध्याकाळ

गेल्या उन्हाळ्यात एका ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळाचे शोधपान नव्याने मांडण्याचे काम माझ्याकडे आले. पालकांनी शिक्षक शोधायचा, पहिला तास मोफत घेऊन पाहायचा आणि पसंत पडल्यास महिन्याचे पैसे भरायचे, अशी तिथली साधी रीत आहे. तक्रार एवढीच होती की लोक शोधपानापर्यंत येतात आणि तिथूनच परत जातात. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत बसून मी हे काम केले, आणि पहिले पंधरा दिवस कागदावर एकही चौकट आखली नाही.

त्या पंधरा दिवसांत मी शोधपेटीत लोकांनी लिहिलेले शब्द वाचले, आणि ओळखीतल्या सहा पालकांना माझ्यासमोर बसून, त्यांच्याच फोनवर, मुलासाठी शिक्षक शोधायला सांगितले. मानेवाड्याला राहणाऱ्या एका काकूंनी पान उघडले, दोनदा खाली-वर सरकवले आणि म्हणाल्या, "मले तं हे काहीच समजून नाही राहिलं." सहा भेटींत मी जे टिपून घेतले, त्याचे सार या एका वाक्यात होते.

जुन्या पानावर आधी विषय विचारला जाई, मग शहर, मग ताशी शुल्काची सरकपट्टी. इयत्ता, बोर्ड आणि माध्यम 'अधिक पर्याय' या दाराआड दडलेले होते. हा क्रम कुठून आला याचा शोध घेतला तेव्हा कळले की शिक्षक आपली नोंदणी ज्या क्रमाने करतात, तोच क्रम उचलून शोधपानावर ठेवला होता. पालक मात्र इयत्तेपासून सुरुवात करतात. शोधपेटीतल्या नोंदींत 'सातवी सेमी गणित', 'दहावी सायन्स मराठी मिडीयम', 'बारावी फिजिक्स नीट' अशाच ओळी पुन्हा पुन्हा दिसत होत्या, आणि त्यांतला पहिला शब्द बहुतेक वेळा इयत्तेचा होता. संकेतस्थळाचे चालक दुसऱ्या राज्यातले असल्यामुळे माध्यमांच्या यादीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी होते, पण 'सेमी' नव्हते. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून, ही आपल्याकडची घडी त्यांना समजावून सांगण्यात माझा एक अख्खा व्हिडिओ कॉल गेला. राज्य मंडळाच्या नववी-दहावीत गणिताची दोन पुस्तके असतात आणि म्हणून मूल 'भूमितीत कच्चे' असू शकते, हेही त्यांना नवे होते. 'भूमिती' शोधणाऱ्याला तोवर एकही शिक्षक सापडत नसे.

सर्वांत जास्त वेळ शुद्धलेखनाने खाल्ला. आमच्याकडे बोलताना 'ण'चा 'न' सहज होतो आणि तो बोटांतूनही तसाच उतरतो. 'गनित' आणि 'शिकवनी' लिहिणाऱ्या पालकांना ते संकेतस्थळ 'काहीही आढळले नाही' असे थंडपणे सांगत होते. त्याच शिकवणीला कोणी ट्यूशन म्हणते, कोणी ट्युशन, कोणी टूशन. याहून विचित्र प्रकार 'ॲकाउंट्स' या शब्दाचा निघाला. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या जागतिक संकेतयादीत, २००८ साली स्वतंत्र संकेत म्हणून आले. त्याआधी 'अ' लिहून त्यावर चंद्र देण्याची पद्धत होती आणि काही कळफलकांवर ती अजूनही चालते. डोळ्याला दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियमही त्यांना एक मानत नाहीत. त्यामुळे वाणिज्य शाखेचे काही शिक्षक केवळ त्यांच्या फोनच्या कळफलकामुळे अदृश्य झाले होते.

यावर पहिला उपाय सुचला तो चुकीच्या शब्दाला जवळचा शब्द शोधून देण्याचा. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरे बदलावी लागतात, हे मोजण्याची रीत सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली आणि आजही ती सर्रास वापरली जाते. 'गनित' आणि 'गणित' यांच्यात एका अक्षराचे अंतर आहे, म्हणून ते जुळतात. पण 'सहावी' आणि 'दहावी' यांच्यातही एकाच अक्षराचे अंतर आहे! पहिल्याच चाचणीत सहावीच्या मुलीसाठी दहावीचे शिक्षक समोर आले, तेव्हा आम्ही ही सवलत इयत्तांना द्यायची नाही असे ठरवले. इयत्ता अचूकच जुळली पाहिजे. विषयांच्या नावांसाठी मी प्रचलित लेखनभेदांचा एक कोश हाताने तयार केला, आणि अंतर मोजण्याचे काम त्या कोशात न सापडलेल्या शब्दांपुरतेच ठेवले.

निकालांच्या क्रमावरून चालकांशी माझे खरे मतभेद झाले. जुन्या पानावर सरासरी तारे पाहून क्रम लागे, त्यामुळे एकाच पालकाने पाच तारे दिलेला शिक्षक साठ पालकांनी पसंत केलेल्या शिक्षिकेच्या वर बसे. अमेरिकी गणितज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ साली दिलेले सूत्र अशा वेळी उपयोगी पडते. मते थोडी असतील तर ते अंदाज सावधपणे खाली ठेवते आणि मते वाढतील तसा वर येऊ देते. चार किंवा पाच तारे म्हणजे पसंती, असे धरून आम्ही ते वापरले. मात्र त्यामुळे नवा शिक्षक तळाला जातो आणि तळाला असल्यामुळे त्याला मते मिळत नाहीत. म्हणून पहिल्या दहांतल्या दोन जागा नव्यांसाठी राखाव्यात आणि तसे तिथे स्पष्ट लिहावे, असा माझा आग्रह होता. जागा राखल्या गेल्या. स्पष्ट लिहिण्याचे मात्र अजून व्हायचे आहे.

एक लहानशी दुरुस्ती सांगायलाच हवी. धरमपेठेतल्या एका बाईंनी सगळ्या निवडी नीट करून ती लिंक व्हॉट्सॲपवर यजमानांना पाठवली, आणि त्यांच्या फोनवर कोरे शोधपान उघडले. शिक्षक ठरवण्याचे काम घरातली दोन माणसे मिळून करतात, हे पान बनवणाऱ्यांनी गृहीतच धरले नव्हते. आता प्रत्येक निवड पानाच्या पत्त्यातच नोंदली जाते, त्यामुळे पाठवलेली लिंक जशीच्या तशी उघडते.

जूनच्या मध्यात, विदर्भातल्या शाळा सुरू व्हायला थोडा अवकाश असताना, मी नवे पान घेऊन मानेवाड्याला गेलो. काकूंनी पेटीत 'सातवी सेमी गनित संध्याकाळी' असे लिहिले आणि चार शब्दांच्या चार निवडी आपोआप लागून तीन शिक्षक समोर आले. तिघेही साडेसहानंतर मोकळे होते. काकूंनी चष्मा वर केला आणि विचारले, "तीनच? बाकीचे कुठी गेले?" त्या रात्री मी त्या तिघांच्या खाली एक ओळ वाढवली, 'वेळ थोडी पुढे-मागे चालत असल्यास', आणि तिच्याखाली दुपारच्या शिक्षकांची नावे दाखवली.