तुम्ही विमान घेऊन मदतीला का जात नाही?

धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर मी मुलांना विमान चालवायला शिकवतो हे कळले की, लग्नाची पंगत असो वा बँकेतली रांग, एक प्रश्न ठरलेला असतो: "अमेरिकेत लोक स्वतःची विमाने काढून पूरग्रस्तांना मदत पोचवतात म्हणे, मग आपल्याकडे काही झाले की तुम्ही का जात नाही?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा टोमणा नसतो, त्यामुळे उत्तरही नीट द्यायला हवे.

ऐकले ते खरे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाच्या पावसाने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातले रस्ते वाहून गेले, तेव्हा काँकर्डसारख्या विमानतळांवरून खासगी वैमानिक पाणी, औषधे आणि लहान मुलांचे दूध घेऊन उडत होते. त्यांना पगार नव्हता आणि बहुतेकांनी इंधनही पदरचे घातले. टेक्सासमध्ये २०१७ च्या हार्वे वादळानंतर उभी राहिलेली 'ऑपरेशन एअरड्रॉप' ही संस्था अशा वैमानिकांची मोट बांधते: माल कोणाला हवा आहे ते आधी विचारायचे आणि मगच विमान पाठवायचे. माझ्या मते या कामातला खरा कस उडण्यात नसून या विचारण्यात आहे.

कारण लहान विमानात बसते तरी किती? आमच्या सेसना १७२ या चार आसनी विमानाच्या एका प्रचलित प्रकाराचे कमाल उड्डाणवजन १,१११ किलो आहे. रिकामे विमानच साडेसातशे किलोच्या पुढे भरते; त्यात वैमानिक आणि जाऊन परत येण्यापुरते इंधन धरले की मालासाठी साधारण दीडशे किलो उरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा बारा बाटल्यांची बारा खोकी चढवली की विमान भरले. एवढे पाणी टेम्पोच्या एका कोपऱ्यात मावते. शिवाय ही खोकी वाटेल तिथे ठेवता येत नाहीत. मागची आसने काढून जड माल वैमानिकाच्या पाठीशी, हलका त्यामागे, आणि सगळा जाळीने घट्ट आवळलेला, असा क्रम पाळावा लागतो. विमान शेपटाकडे जड झाले तर नाक वर उचलले जाते आणि वेग तुटल्यावर ते खाली आणणे अवघड होऊन बसते. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा त्रेचाळिसावर गेला की हवा इतकी विरळ होते की धुळ्याच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान जणू महाबळेश्वरच्या उंचीवर असल्यासारखे वागते, म्हणजे धावते जास्त आणि चढते कमी. अशा दुपारी मी त्या दीडशे किलोंतलेही काही उतरवून ठेवीन. म्हणून लहान विमानाने पाण्यापेक्षा इन्सुलिन न्यावे, आणि तेही रस्ता खुला होईपर्यंतच. पहिला ट्रक पोचला की आमची किंमत संपली.

दुसरी अडचण गर्दीची. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात हैतीच्या राजधानीतल्या विमानतळाचा नियंत्रण मनोरा निकामी झाला. धावपट्टी एकच होती आणि जगभरातून विमाने निघालेली. अमेरिकी हवाई दलाच्या नियंत्रकांनी धावपट्टीच्या कडेला घडीचे टेबल मांडून, रेडिओवरून ती उतरवली. लहान विमाने तेव्हा खऱ्या अर्थाने उपयोगी पडली ती हैतीतल्याच जॅकमेल गावासारख्या आखूड धावपट्ट्यांवर, जिथे मोठ्या जेट विमानांना उतरताच आले नसते. ज्या आकाशात हेलिकॉप्टरे लोकांना उचलत आहेत, तिथे न सांगता घुसणारा हौशी वैमानिक माझ्या लेखी मदतनीस नव्हे, आणखी एक धोका आहे.

आपल्याकडे तर मुळात उतरायच्या जागाच कमी आहेत. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. भारतात चालू विमानतळ दीडशेच्या आसपास. आमच्या विमानांना लागणारे एव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, मोजक्याच ठिकाणी मिळते, उड्डाणाला हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक लागतो आणि प्रशिक्षणाचे विमान प्रशिक्षणासाठीच असते. हे नियम मला जाचक वाटत नाहीत; सीमा असलेल्या देशात ते असणारच.

खानदेशापुरते बोलायचे तर जळगाव, गोंदूर आणि शिरपूर येथे धावपट्ट्या आहेत, पण तिन्ही ठिकाणी रस्त्यानेही सहज जाता येते. ज्या गावांना खरोखर गरज पडेल ती धडगाव-अक्कलकुव्याकडची, सातपुड्याच्या घाटांपलीकडची. तिथे दरड कोसळली तर सेसना काय उतरणार? तिथे हेलिकॉप्टरच हवे, आणि तेही हवाई दलाचे किंवा सरकारने मागवलेले. २०१३ मध्ये उत्तराखंडात आणि २०१८ मध्ये केरळात असेच झाले. त्यातही उत्तराखंडात गौरीकुंडाजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळून त्यातले सगळे गेले, आणि ते चालवणारे त्या कामात मुरलेले लोक होते.

तरीही प्रशासनाने कधी बोलावले, परवानगी दिली आणि समोर कोरडी धावपट्टी असली, तर मी नक्की जाईन. तोवर माल पाठवायचाच असेल, तर आधी तिथल्या तहसील कचेरीत विचारून घ्या, कपडे आणि औषधे एकाच पोत्यात कोंबू नका आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे व वजन किती, हे ठळक लिहा. ट्रकवाल्यालाही त्याचा उपयोग होतो.