मावा दिसला म्हणून लगेच औषध मारू नका
आमच्या परभणीच्या घरामागं वांगी, भेंडी अन् कडेनं चवळी लावलीय, मागच्या आठवड्यात चवळीच्या शेंड्यावर एवढा मावा (पानांचा रस शोषणारी बारकी कीड) बसला की पानं चिकट झाली अन् मुंग्यांची रांगच लागली. शेजारच्या काकू म्हणल्या औषध मार, पण मी थांबले, कारण पानाखाली काळपट, नारंगी ठिपक्यांची, बारक्या मगरीसारखी अळी दिसली. लोक हिलाच कीड समजून चिरडतात हो! ती ढालकिड्याची म्हणजे लेडीबर्ड बीटलची अळी, मावा खाऊनच वाढते. फवारलं की हे मित्रकीटक पण मरतात अन् मावा परत येतो. कपाशीत चवळी लावतात ते चवळीवरच्या माव्यामुळं हे मित्रकीटक शेतात यावेत यासाठी पण. अन् थोडी कोथिंबीर फुलू द्या, तिच्या फुलांवर मित्रकीटक लई येतात. आज एका शेंड्यावर ४ अळ्या मोजल्या!