तुम्ही विचारलंत म्हणून: जिप्सीत बलेनोचं इंजिन बसते का?

कापसाचे चुकारे हातात आले की हा प्रश्न हमखास येतो. "भाऊ, जुन्या जिप्सीत बलेनोचं इंजिन बसते का? अन् घरच्या टिनाच्या शेडात रॅलीची गाडी बनते का?"

बसते. बनतेही. पण विचारणारा इंजिनाबद्दल विचारतो, आणि अडतं ते गिअरबॉक्सपाशी, चेंबरपाशी (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि रेडिएटरपाशी. म्हणून उत्तर तिथूनच देतो.

आधी कोणती बलेनो ते स्पष्ट करू. १९९९ ते २००७ मध्ये विकली गेलेली सेडान, आताची हॅचबॅक नव्हे. तिचं १५९० सीसीचं जी-१६ आणि जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं जी-१३ ही एकाच घराण्यातली इंजिनं आहेत. त्यामुळे किंगच्या गिअरबॉक्सच्या बेल-हाउसिंगशी (इंजिनाला जोडणारं घंटेसारखं तोंड) त्याची जुळणी होते. बलेनोचा स्वतःचा गिअरबॉक्स मात्र कामाचा नाही. ती पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, तिचं इंजिन आडवं बसतं आणि डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. तो गिअरबॉक्स भंगारवाल्याकडेच राहू द्या. तुमची जिप्सी ९७० सीसीची, चार गिअरची असेल तर किंगचा पाच गिअरचा बॉक्स शोधा. त्याच्यासोबत किंगचं एखादं मेलेलं इंजिनही घ्या. फ्लायव्हील, चेंबर, ऑइलचा पिकअप (चेंबरमधून तेल ओढणारी नळी) आणि माउंटिंगचे ब्रॅकेट त्यातूनच मिळतात. हे सुटं सुटं गोळा करायला बसलात तर पुढचा पोळा येतो.

बलेनोचं इंजिन उचलण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. दर चौरस सेंटिमीटरला चौदा किलोच्या आसपास यायला हवं, बाराच्या खाली असेल तर सोडून द्या. चार सिलिंडरमधला फरक एका किलोपेक्षा जास्त नको. सोबत पूर्ण वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर असेल तर त्याची चावी, आणि विक्रीचं बिल. "वायरिंग नंतर पाहू" म्हणणाऱ्याची गाडी चार महिने शेडातच उभी असते.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची सील बदलून टाका. गाडीत बसल्यावर मागचं सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा खाली.

आता चेंबर. जिप्सीचा पुढचा एक्सल अख्खा आडवा दांडा आहे आणि खड्ड्यात तो वर येतो. बलेनोचं चेंबर त्याला आपटतं, म्हणून किंगचं चेंबर आणि किंगचाच पिकअप. पण जी-१६ चा स्ट्रोक ९० मिलिमीटर, जी-१३ चा ७५.५. म्हणजे क्रँकची कोपरी सव्वासात मिलिमीटर जास्त खाली फिरते. चेंबर चढवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही घासलं तर चेंबरमधली पत्र्याची आड किंवा पिकअपची पट्टी थोडी वाकवावी लागेल. पिकअपचं तोंड चेंबरच्या तळापासून आठ-दहा मिलिमीटर वर हवं. जवळ गेलं तर तेल ओढत नाही, लांब राहिलं तर चढावर हवा ओढतं. चेंबर बदललं की डिपस्टिकची खूणही खोटी ठरते. मोजून तेल ओता आणि नवी खूण करा.

एक्सल आणि चेंबरमधली जागा मोजायला आपल्याकडे फुकटचं साधन आहे, काळी माती. लाडूएवढा ओला गोळा एक्सलवर, चेंबरच्या बरोबर खाली ठेवा. माती चेंबरला चिकटू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी. स्प्रिंगच्या पाट्यांमधला फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढा, जॅकने एक्सल रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत वर घ्या, मग उतरवा. दबलेल्या गोळ्याची जाडी हीच तुमची जागा. २० मिलिमीटरच्या आत असेल तर इंजिन वर किंवा मागे घ्या. मागे घेताना हेडच्या मागच्या टोकाला जे काही आहे ते फायरवॉलला लागतं, वर घेताना मॅनिफोल्ड बॉनेटला. म्हणूनच माउंटिंगला आधी नुसते टाके मारायचे, पूर्ण वेल्डिंग नंतर.

गिअरबॉक्स जोडताना डॉवेल पिना विसरू नका. भंगारात त्या गळालेल्या असतात, आणि बोल्ट लागतात म्हणून लोक पुढे जातात. बोल्ट फक्त आवळतात, मध्य साधण्याचं काम पिनांचं. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेल-हाउसिंगचं भोक तपासा. एका फेऱ्यात सुई पाच थाऊपेक्षा, म्हणजे ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये टेकलं पाहिजे. आडव्या इंजिनाला त्याची गरज नसते, म्हणून तिथे ते असेलच असं नाही. नसेल तर लेथवाल्याकडून माप घेऊन बुश करून बसवा. ते नसलं की इनपुट शाफ्ट डुलतो, क्लच प्लेटचे दात खातो, आणि दोष कंपनीच्या क्लचला दिला जातो. फ्लायव्हील बसवताना क्रँकच्या भोकांचा वर्तुळव्यास कॅलिपरने मोजा, नजरेवर जाऊ नका. गिअर ऑइल जीएल-४ घ्या. पितळी सिंक्रोला जीएल-५ सोसत नाही.

जिप्सीची एक सोय मला फार आवडते. तिचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, मधे एक आखूड शाफ्ट आहे. गिअरबॉक्स थोडा सरकला तरी तेवढाच शाफ्ट कापून जोडावा लागतो. जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत, आणि नंतर बॅलन्स करायलाच हवा. दोन्ही फ्लँज एकमेकांना समांतर, एका अंशाच्या आत. नाहीतर ऐंशीच्या वेगाला अख्खी गाडी गुणगुणते.

एक्सल बदलले असतील तर पुढचं-मागचं रेशो सारखं आहे का ते मोजा. एक चाक जमिनीवर, दुसरं वर. वरचं चाक दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. तो आकडा म्हणजे रेशो. दोन्हीकडे वेगळा आला तर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर ट्रान्सफर केस फुटेल. मधे डिफरन्शियल नाही, ताण जायला जागाच नाही.

इंधनात सगळ्यात जास्त घाई होते आणि सगळ्यात जास्त धोका तिथेच. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब नावापुरता, बलेनोच्या एमपीएफआयला (पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनला) अडीच-तीन बार लागतो. जुना पाइप तेवढ्यात फुटतो, तोही तापलेल्या मॅनिफोल्डजवळ. इंजेक्शनचाच पाइप, इंजेक्शनचीच क्लॅम्प आणि परतीची लाइन स्वतंत्र टाका. इंजिन ते चेसिस जाड अर्थ पट्टी विसरलात तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून घर शोधतो आणि केबल भाजून अडकते. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचा प्लग दोन्ही काढा.

आता ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कोरडी धूळ खात असते. बलेनोच्या इंजिनाला वॉटर पंपावरचा पंखा नाही, म्हणून विजेचा पंखा, स्वतःच्या रिलेवर आणि ३० अँपिअरच्या फ्यूजवर. रेडिएटरचं कोअर तीन ओळींचं करून घ्या. थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. तो नसला की इंजिन वेळेवर तापत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल ओततो, ते तेलात उतरतं आणि बेअरिंग घासतात. रेडिएटरसमोर बारीक जाळी लावा आणि ती दर फेरीनंतर झटका. पऱ्हाटीचा कचरा आणि वाळलेली काळी माती फिन्समध्ये बसली की ती नुसत्या पाण्याने निघत नाही, मागच्या बाजूने हवा मारावी लागते.

रोल केजला (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा) जीआय पाइप नको, विहिरीचा पाइपही नको. मुख्य कमान ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर, बाकी ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २, कोल्ड-ड्रॉन सीमलेस. पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी, आणि किमान तीन एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. हे एफआयएचे (मोटर स्पर्धांची जागतिक संस्था) नियम आहेत, तपासणीत मोजून पाहतात. शेतीच्या फीडरवर व्होल्टेज पडलेलं असताना केज जोडू नका. वरून टाका सुंदर दिसतो, आत शिरलेला नसतो. त्याच पाइपचा तुकडा जोडून वाइसमध्ये वाकवून पाहा. टाका सुटला तर मशीन बंद.

रॅलीच्या दोन टप्प्यांमधला रस्ता सार्वजनिक असतो, म्हणजे आरसी, विमा, पीयूसी सगळं लागतं. इंजिन बदलणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये येतं. आरटीओत आधी जा, वेल्डिंग नंतर. ज्या स्पर्धेत उतरायचं तिच्या वर्गात हे इंजिन चालतं का, तेही इंजिन घेण्याआधीच एफएमएससीआयच्या (भारतातली मोटर स्पर्धांची संस्था) नियमात वाचा.

पहिली चाचणी पांदणीवर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पन्नास किलोमीटर. निघण्याआधी माउंटिंग, यू-बोल्ट आणि शाफ्टच्या फ्लँजच्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची आडवी रेघ ओढा, अर्धी बोल्टवर आणि अर्धी पत्र्यावर. परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली शिरा. जिथे रेघ तुटली असेल तो बोल्ट सैल झालाय.