मुंबईच्या दमट हवेत कोंबडीची पिल्लं जगवायची तर

पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. कुक्कुटपालनाच्या कुठल्याही पुस्तिकेत हा तक्ता सापडतो आणि तो बरोबरच आहे. पण तो वाचून मुंबईतला माणूस मे महिन्यात खोक्यावर १०० वॉटचा बल्ब टांगतो, वरून गोणपाट टाकतो आणि दुपारपर्यंत पिल्लं चोच वासून पडतात. खोलीतच ३१-३२ अंश असतात, चढवायचे असतात जेमतेम तीन-चार. इथे ऊब देणं सोपं आहे, खोका कोरडा आणि हवेशीर ठेवणं अवघड. पुढचं सगळं दहा-बारा पिल्लांचा घरगुती हिशेब धरून लिहिलंय.

आधी जागेचं बघा. उत्तन, गोराई, मढ, वसईकडची बैठी घरं, कोळीवाडे, आरेतले पाडे इथे परसात कोंबड्या असणं नवं नाही. फ्लॅटच्या गॅलरीत मात्र पिल्लं महिनाभर मावतात, पुढे नाही. मोठी झाल्यावर कुठे जाणार, हे ठरल्याशिवाय पिल्लं आणू नयेत. मिश्र पिल्लं घेतली की साधारण निम्मे नर निघतात. तीन-चार महिन्यांचा कोंबडा पहाटे चारला बांग देऊ लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय होतं ते सांगायला नको.

पिल्लं कुठून घ्यावीत? गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. सरकारी केंद्रात हवी ती पिल्लं कायम शिल्लक असतील असं नाही, त्यामुळे आधी चौकशी करूनच निघावं. घरगुती पालनाला वनराज, गिरिराज, कडकनाथ किंवा सरळ गावठी घ्या. ब्रॉयलर घेऊ नका. ते दीड महिन्यात कापायला तयार व्हावेत म्हणूनच पैदा केलेले असतात. जास्त ठेवले की वजनाने पाय आणि हृदय दोन्ही थकतात. स्टेशनबाहेर टोपलीत मिळणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं बहुतेक अंड्याच्या जातीचे नर असतात. हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो म्हणून ती स्वस्तात बाहेर पडतात. त्यातली बरीच उपाशी, ओली आणि गारठलेली असतात. ‘सगळ्या माद्याच आहेत’ हे विक्रेत्याचं वाक्य मनावर घेऊ नका. क्रॉफर्ड मार्केटसारख्या पक्षी बाजारात वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या वयाचे पक्षी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे तिथून आजार घरी येण्याची शक्यता जास्त. घेणार असाल तर हॅचरीतून, एका दिवसाची आणि एकाच खेपेची घ्या.

निवडताना पिल्लू हातात घेऊन उलटं करा. बेंबी सुकून मिटलेली हवी. काळी खपली, ओलावा किंवा फुगलेलं पोट दिसलं की बाजूला ठेवा. डोळे टवटवीत, गुद कोरडं, पाय चकचकीत. पाठीवर ठेवलं तर दोन-तीन सेकंदांत उठून उभं राहायला हवं. हॅचरीवाल्याला दोन गोष्टी विचारा: पिल्लं कधी निघाली आणि मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या आजाराची) लस दिली का. ही लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, नंतर घरी देऊन उपयोग नाही. एक-दोन पिल्लं आणू नयेत. एकटं पिल्लू दिवसभर ओरडतं आणि खात नाही. कमीत कमी पाच-सहा हवीत.

अंड्यातून निघताना पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर पिल्लू दोन दिवस निभावतं. म्हणून प्रवासात दाणापाणी नसलं तरी चालतं. वारा आणि उकाडा चालत नाही. खोक्याला चारही बाजूंनी भोकं हवीत. गाडीचा एसी थेट खोक्यावर नको, आणि भर दुपारी बंद गाडीत खोका ठेवून कुठेही उतरू नका.

खोका तयार करून, बल्ब दोन-तीन तास आधी लावूनच पिल्लं आणायला जा. बारा पिल्लांना पहिले पंधरा दिवस तीन फूट बाय दोन फूट जागा पुरते. महिन्याचं होईतो प्रत्येकी एक चौरस फूट लागतो. भिंती दीड फूट उंच हव्यात. पुठ्ठ्याचा खोका उन्हाळ्यात चालतो, पावसाळ्यात चार दिवसांत तळातून लगदा होतो. त्यापेक्षा भाजीवाल्यांचे जाळीदार प्लास्टिक क्रेट दोन-तीन जोडून, आतून खालच्या सहा इंचांना पुठ्ठा लावा. वारा खालून अंगावर येत नाही आणि वरून हवा खेळती राहते. चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करून घ्या, कारण घाबरली किंवा गारठली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. वर झाकण जाळीचंच. दुसऱ्या आठवड्यात पंख फुटले की ती दीड फूट सहज उडतात.

बल्ब जुना पिवळा, तारेचा हवा. एलईडीतून उजेड मिळतो, ऊब मिळत नाही. मुंबईत बारा पिल्लांना जानेवारीच्या रात्रीसुद्धा ४० वॉटचे दोन बल्ब भरपूर होतात, आणि एप्रिल-मेमध्ये एकच. एका मोठ्या बल्बपेक्षा दोन लहान बरे, रात्री एक उडाला तर दुसरा असतो. होल्डर चिनीमातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. बल्ब वायरवर टांगू नका. साखळीने किंवा जाड तारेने बांधा, म्हणजे खाली-वर करता येतो आणि तळाला पसरलेल्या भाताच्या तुसात पडून आग लागत नाही. सुरुवातीला तुसाच्या गादीपासून दीड फूट उंच ठेवा, आणि मधोमध न लावता एका टोकाला लावा. एक बाजू उबदार, दुसरी थंड राहिली की पिल्लू स्वतःच जागा निवडतं. सगळा खोका सारखाच तापला तर त्याला पळायला जागा उरत नाही.

थर्मामीटर ठेवायचा तो पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, पण खरं पिल्लांकडूनच कळतं. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. बल्बपासून लांब, पंख पसरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर समोरून वारा लागतोय. पंखा बघा, खिडकी बघा. खोकाभर पसरून काही खातायत, काही झोपलीयत आणि आवाज बारीक आहे, म्हणजे जमलंय. मे महिन्यात पिल्लं दुसऱ्या आठवड्यात गेली की दिवसा बल्ब बंदच ठेवता येतो. जूननंतर कोसळत्या पावसात हवा गार होते तेव्हा मात्र दिवसाही लावावा लागतो. दिवे गेले तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात आडवी ठेवा.

घरात खुडूक बसलेली गावठी कोंबडी असेल तर यातलं निम्मं सोडून द्या. ती दोनेक आठवडे अंड्यांवर बसलेली हवी. एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवायची आणि अंडी काढून घ्यायची. दहा-बारा पिल्लं ती सहज घेते. पहाटे उठून बघायचं मात्र, कारण एखादी कोंबडी स्वीकारत नाही आणि टोचून मारते. आधी तिच्या अंगावरच्या उवा बघून घ्याव्यात, नाहीतर त्या पिल्लांवर येतात.

पिल्लं आणल्यावर आधी पाणी, दाणा दोन-तीन तासांनी. कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम गूळ किंवा साखर विरघळवा आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा बुडवा, नाकपुड्या बुडवू नका. हे गोड पाणी फक्त पहिला दिवस. नंतरही देत राहिलात तर हगवण लागते आणि भांड्यात बुरशी धरते. भांडं उथळ हवं आणि त्यात पहिला आठवडा गोट्या किंवा खडे घाला, एक इंच पाण्यातही पिल्लू बुडून मरतं. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरून द्या, मग चिक मॅश म्हणून मिळणारं, साधारण २० टक्के प्रथिनांचं खाद्य. नुसत्या कण्या किंवा बाजरीवर पिल्लं जगतात पण वाढत नाहीत, पंख विरळ येतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना कधीच नको. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं आणि त्याने पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. सुटं खाद्य देणारे दुकानदार दोन्ही एकाच गोणीसारखे दाखवतात, विचारून घ्या.

खाद्याची मोठी गोणी ५० किलोची येते. बारा पिल्लांना दोन महिन्यांत वीस-पंचवीस किलो पुरतं. उरलेली गोणी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी धरते, आणि त्या बुरशीतलं विष यकृतावर जातं. पंधरा दिवसांपुरतंच घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कुबट वास आला किंवा गोळे झाले तर सगळं फेकून द्या. वाळवून वापरणं हा उपाय नाही, विष तसंच राहतं.

आता गादी, जिथे मुंबईत बहुतेकांचं बिनसतं. भाताचं तूस सर्वात चांगलं. दोन इंच थर. वखारीतला बारीक लाकडी भुसा पिल्लं दाणा समजून खातात. पहिले दोन दिवस तुसावर खरखरीत पुठ्ठा किंवा जुनी सुती चादर घाला. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरतात आणि दोन्ही बाजूंना फाकतात. लवकर लक्षात आलं तर चिकटपट्टीने दोन पाय नैसर्गिक अंतरावर सैल बांधून तीन-चार दिवसांत सुधारतात, उशीर झाला तर नाही.

तूस रोज सकाळी हाताने खालवर करा. मूठभर घेऊन दाबा: मूठ उघडल्यावर विस्कटलं तर ठीक, लाडू तसाच राहिला तर बदला. पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेवून त्यावर जाळीचा तुकडा ठेवला की सांडलेलं तुसात जात नाही. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीएवढी उंच ठेवा आणि पिल्लं वाढतील तशी विटेवर वीट चढवा. पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी गादी पूर्ण बदलावी लागते. खोक्यात तोंड खाली नेऊन श्वास घ्या. अमोनियाने डोळे चुरचुरले तर पिल्लांचे कधीचेच चुरचुरतायत.

ओल्या गादीचा थेट परिणाम म्हणजे रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येते. पिल्लं पंख सोडून, पिसं फुलवून कोपऱ्यात उभी राहतात, विष्ठेत रक्त दिसतं. औषध मिळतं आणि लवकर दिलं तर गुण येतो, पण मात्रा डॉक्टरांकडून घ्या आणि त्याच दिवशी गादी बदला. गादी तीच ठेवून औषध देणं म्हणजे पैसे पाण्यात. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकाच आवारात आहेत. पहिल्या आठवड्यातली साधी अडचण वेगळी: गुदाला विष्ठा चिकटून सुकते आणि वाट बंद होते. कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवा, ओढू नका, वर खोबरेल लावा. बरीच पिल्लं अशी दिसली तर बल्बची उंची तपासा, कारण बहुधा उष्णतेची गडबड असते.

लसीकरणात मानमोडी, म्हणजे राणीखेत, सोडू नये. पाचव्या ते सातव्या दिवशी तिची लस लासोटा, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या विषाणूच्या आजाराची. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहा-आठ आठवड्यांची झाली की देवीची. अडचण अशी की कुपी शेकडो डोसांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. परिसरात आणखी कुणी कोंबड्या पाळत असेल तर एकाच दिवशी ठरवून घ्या. दुकानातून घरी बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. पाण्यातून लस देत असाल तर महापालिकेच्या नळाचं पाणी वापरू नका, त्यातलं क्लोरीन लस मारतं. थेंबाची पद्धत म्हणून बरी. आजारी पिल्लाला लस देऊ नका.

पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, खोका स्वयंपाकघरात ठेवू नका, आणि मुलांना पिल्लांचे पापे घेऊ देऊ नका. साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जीवाणू निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही असू शकतो. एकाच वेळी अचानक बरीच पिल्लं मेली तर गुपचूप कचऱ्यात न टाकता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

मांजर आणि कावळा दिसतात तरी, खरा शत्रू रात्रीचा उंदीर आणि घूस. षटकोनी कोंबडीजाळीच्या एक इंची भोकातून उंदराचं पिल्लू आरामात येतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या, खुराड्याच्या तळालाही लावा, आणि सांडलेलं खाद्य रात्री झाडून काढा. पाच-सहा आठवड्यांनी अंगभर पिसं आली की बल्ब सुटतो आणि पिल्लं खुराड्यात जातात. तिथे प्रत्येकी दीड-दोन चौरस फूट जागा आणि बसायला आडवी काठी हवी. जागा कमी पडली की एकमेकांची पिसं उपटतात. रक्त निघालेलं पिल्लू लगेच वेगळं करा आणि जखम भरल्यावरच परत सोडा, नाहीतर बाकीची त्याच लाल डागावर टोचत राहतात.