आमची वाटचाल : उकळून न सुटलेला प्रश्न

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात जिवाणू वाढवायला एक शेकर, ते ध्वनिलहरींनी फोडायला एक सोनिकेटर आणि जुना उणे ऐंशीचा डीप फ्रीझर एवढ्यावर आम्ही दोघांनी मानवी प्रथिने बनवायला सुरुवात केली. ई. कोलाय या जिवाणूमधून मानवी इन्सुलिन १९७८ मध्येच निघाले होते, त्यामुळे तंत्र नवे नव्हते. पण काही मायक्रोग्रॅमच्या परदेशी कुपीसाठी आपल्या संशोधकाला कोरड्या बर्फाच्या खोक्याची वाट पाहत बसावे लागे, आणि ती वाट वाचवणे हाच आमचा धंदा होता. जिवाणूंची वाढ भागीदाराकडे, प्रथिन शुद्ध करणारे कॉलम माझ्याकडे. बीएल२१ या ई. कोलायच्या वाणाचे कल्चर गढूळपणाच्या मापात (ओडी) ०.६ ला पोहोचले की भागीदार शेकर ३७ वरून १८ अंशांवर आणून मगच प्रथिननिर्मिती सुरू करणारे आयपीटीजी हे रसायन घालत असे, कारण घाईने केलेले प्रथिन इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे पेशीतल्या न विरघळणाऱ्या गुठळीत, गोळा होऊन बसते. त्याच्या हाताला तोड नव्हती.

घात केला तो हीट शॉक प्रोटीन ७० या प्रथिनाने. आमच्या लॉटमुळे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ हे दाह वाढवणारे द्रव्य सोडतात, हा दोष प्रथिनाचा नसून घाणीचा, म्हणजे ई. कोलायच्या आवरणातून येणाऱ्या एंडोटॉक्सिनचा आहे, अशी एक तक्रार आली. परदेशी कुप्या आणून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने ती दारोदार नेली, आणि ‘गाळ्यातला माल’ हे त्याचे शब्द एका संस्थेच्या खरेदी समितीने मला तोंडावर ऐकवले. मी सविस्तर पत्र लिहिले: नमुना उकळल्यावर परिणाम नाहीसा होतो, उकळून बिघडते ते प्रथिन, एंडोटॉक्सिन तर उकळून जात नाही, म्हणजे परिणाम प्रथिनाचाच. मागण्या तरीही थांबल्या, आणि भागीदार नोकरीत परतला.

पहिल्या दिवसापासून आमच्याकडून माल घेणाऱ्या प्राध्यापिका मॅडम तेवढ्या टिकल्या. त्यांनी २००३ चा एक शोधनिबंध माझ्यापुढे ठेवला: एंडोटॉक्सिन अगदी अल्प असेल, तर उकळल्यावर त्याचाही टीएनएफ सोडवण्याचा गुण जातो. माझे पत्र चुकीचे होते. त्या रात्री मी तोच लॉट ट्रायटन एक्स-११४ या साबणासारख्या द्रव्याने धुतला. बर्फात पाण्यासारखे स्वच्छ असणारे मिश्रण ३७ अंशांवर दुधासारखे गढुळते, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की एंडोटॉक्सिन घेऊन ट्रायटन तळाशी तेलाच्या थेंबासारखा बसतो. वरचा थर श्वास रोखून पिपेटने उचलायचा. तिसऱ्या धुण्यानंतर एलएएलचा, म्हणजे एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा खाली आला, आणि मॅडमच्या पेशी शांत राहिल्या.

पेशींवर काम करणाऱ्या नव्या मुलांनी शुद्धता तपासण्याच्या जेलवरच्या एका देखण्या पट्टीवर विसंबू नये, कारण प्रथिने दाखवणाऱ्या कुमासी रंगात एंडोटॉक्सिन दिसतच नाही. प्रयोगात एंडोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणाऱ्या पॉलिमिक्सिन बीचा कंट्रोल ठेवावा. काचसामान नुसते ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत ठेवून, भागत नाही. ते २५० अंशांवर अर्धा तास कोरडे भाजावे.

आज आमच्या प्रत्येक कुपीवर एलएएलचा आकडा असतो. त्या व्यापाऱ्याच्या कुप्यांवर तो नाही, आणि त्या संस्थेचा दर-करार अजून त्याच्याकडेच आहे.