ऊर्जा कुठून आली?

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी कानात घुमला तो संगणक कक्षातल्या टेलिटाइपचा, म्हणजे संगणकाला जोडलेल्या टंकयंत्राचा खडखडाट. सेकंदाला १० अक्षरं छापत कागदाची गुंडाळी पुढे सरकायची, आणि आम्ही चौघं-पाचजण तिच्यावर वाकलेले असायचो.

पहिली दोन वर्षं आम्ही पंच कार्डांवर काढली. ८० रकान्यांचं एक कार्ड म्हणजे प्रोग्रामची एक ओळ. गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आउटपुट घ्यायला जायचं. एखादा स्वल्पविराम राहिला असेल तर तेवढंच कळायचं आणि पुन्हा रांग. तोवर आदल्या दिवशी आपण नेमका काय विचार करत होतो, हेच डोक्यातून गेलेलं असे. माझ्या मते खरं नुकसान ते होतं.

तिसऱ्या वर्षी टर्मिनल आली, म्हणजे थेट संगणकाशी बोलता येणारी ती टेलिटाइप. एकच संगणक, पण प्रत्येक टर्मिनलला आळीपाळीने क्षणभर वेळ देणारा. त्यामुळे तो आपल्या एकट्याचाच आहे असं वाटे. (परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तसं वाटत नसे.) प्रोग्राम लिहायची भाषा बेसिक. ती १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी संगणकाचे तज्ज्ञ नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीच तयार केली, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं. इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून चाललेल्या ‘प्लेटो’ या संगणकावरून शिकवणाऱ्या यंत्रणेबद्दलही ते भरभरून बोलत. तिथे विद्यार्थ्याच्या उत्तरावर पुढचा धडा ठरायचा.

सरांचा स्वतःचा नियम मात्र एकच: रिटर्नची कळ दाबण्याआधी अपेक्षित आलेख पेन्सिलीने वहीत काढायचा. वही कोरी असेल तर खुर्ची दुसऱ्याला. तेव्हा तो जाच वाटे. पण डॅम्पिंगचं, म्हणजे कंपनं विझवणाऱ्या रोधाचं गुणोत्तर ०.२ असताना स्टेप (एकदम लावून तसाच ठेवलेला जोर) दिल्यावर आलेख अंतिम किमतीच्या ५३ टक्के वर उसळतो आणि ०.७ ला जेमतेम ५ टक्के, हे मला आजही सूत्राविना आठवतं. कारण माझी पेन्सिलीची रेघ दोन्ही वेळा चुकली होती आणि ते मिनिटाच्या आत समोर दिसलं होतं.

एका संध्याकाळी स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं गणित होतं. वारंवारता सेकंदाला १० रेडियन, डॅम्पिंग ०.०५. वजन खाली ओढून सोडायचं आणि पुढचं यंत्राने सांगायचं. आलेख कागदावर वरून खाली, फुल्याफुल्यांनी उतरायचा. माझ्या फुल्या मात्र दर फेरीला आणखी लांब जाऊ लागल्या, शेवटी कागदाच्या कडेपर्यंत. डॅम्पिंगचं चिन्ह चुकलं असेल म्हणून मी ओळी तपासत बसलो. चिन्ह बरोबर होतं. सर मागे येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “बाहेरून कुणी ढकलत नाहीये ना? मग ऊर्जा कुठून आली?” आणि निघून गेले.

ऊर्जा माझ्या हिशेबातून येत होती. मी काळ ०.०२ सेकंदाच्या टप्प्यांनी पुढे नेत होतो आणि प्रत्येक टप्प्यात जुन्याच वेगाने सरळ रेषेत थोडं जास्त पुढे जात होतो. टप्पा ०.०१ केला तर कंपनं ना वाढत, ना कमी होत. ०.००१ केल्यावर ती पेन्सिलीच्या रेघेसारखी हळूहळू विरली. हे तीन आलेख एका बैठकीत निघाले. कार्डांवर तीन दिवस गेले असते, आणि तिसऱ्या दिवशी माझ्यात उत्सुकता उरली असती का, शंका आहे.

सकाळी गुंडाळी सरांपुढे उलगडली. ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, “छान. आता डॅम्पिंग शून्य कर.”

शून्य डॅम्पिंगला टप्पा कितीही लहान केला तरी कंपनं वाढतच राहतात. यावर माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी वेग काढण्याच्या ओळीत, मी जपून बाजूला ठेवलेल्या जुन्या स्थानाऐवजी नुकतंच काढलेलं नवं स्थान घातलं. एका अक्षराचा बदल. फुल्या कागदभर डावी-उजवीकडे एकसारख्या झुलत राहिल्या, आणि कक्ष बंद करायची वेळ झाली तरी मला उठवेना.