आईचं आजारपण, दादाचा फोन आणि ऑनलाइन थेरपी

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि मी पुण्यातलं भाड्याचं घर सोडून कराडला आले. कंपनीने घरून काम करू दिलं, त्यामुळे नोकरी टिकली. पण सकाळी आईचे व्यायाम, दुपारभर मीटिंगा, रात्री उठून तिची कूस बदलायची. झोप पार उडाली, छातीत धडधडायला लागलं. ईसीजी, थायरॉईड सगळं नॉर्मल निघालं. आमचे डॉक्टरच म्हणाले, "हा ताण आहे. जाणत्या माणसाशी बोल."

थेरपिस्ट शोधताना एक गोष्ट मी आवर्जून पाहिली आणि तुम्हीही पाहा. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मानसिक त्रासावर उपचार करायला शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाला, मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तो क्रमांक मी फोनवरच विचारला, थेरपिस्ट मॅडमनी लगेच दिला. त्यांनीही माझा पत्ता आणि अडचणीला बोलावता येईल अशा माणसाचा नंबर आधीच घेऊन ठेवला. समोरचा माणूस दूरच्या गावी असताना हे लागतंच.

पहिल्या ऑनलाइन सेशनला गच्चीवरच्या खोलीत, दार लावून, कानात हेडफोन घालून बसले. "यातून तुम्हाला काय हवंय?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मन शांत व्हायला हवं."

"समजा, आज रात्री झोपेतच हा प्रश्न सुटला. उद्या सकाळी ते तुम्हाला कशावरून कळेल?"

मी बराच वेळ गप्प होते. मग म्हटलं, "सकाळचा चहा बसून पिईन. आणि दादाचा फोन आला की पोटात गोळा येणार नाही."

तेच आमचं ध्येय ठरलं. असा प्रश्न विचारण्याची पद्धत अमेरिकेत मिलवॉकीला स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या जोडप्याने रुजवली, हे मॅडमनी पुढे कधीतरी सांगितलं. मग शून्य ते दहामध्ये आज कुठे आहात, असं विचारलं. मी तीन सांगितलं. आता 'इतकं कमी का' विचारतील असं वाटलं, तर त्या म्हणाल्या, "शून्य का नाही? तीनपर्यंत कशाच्या जोरावर आलात?" आईचं एकही औषध चुकलेलं नाही, हे तेव्हा माझ्याच तोंडून बाहेर आलं आणि मला रडू फुटलं.

रात्रीच्या विचारांसाठी संध्याकाळी सात ते सात वीस ही वेळ बांधून दिली. वहीत दोन रकाने: माझ्या हातातलं आणि हाताबाहेरचं. रात्री दोनला काही आठवलं तर "उद्या सातला" म्हणायचं आणि कूस बदलायची. सुरुवातीला जमेना, पण हळूहळू झोप लागायला लागली.

खरी गाठ दादापाशी होती. तो ठाण्याला असतो. त्याला काय सांगणार, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "दादा, जमलं तर बघ ना जरा."

"यात मागणं कुठे आहे?"

मग वाक्य बसवलं: "दादा, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवार-रविवारी तू कराडला ये. ते दोन दिवस आईचं सगळं तू बघायचंस." मॅडम दादा झाल्या. "अगं, पोरांच्या परीक्षा आहेत, तुझ्या वहिनीची कंबर धरलीय..." मी लगेच "बरं, राहू दे" म्हणून मोकळी. त्यांनी थांबवलं. "समजावू नका, चिडू नका. त्याचं ऐका आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा." आवाज न कापता म्हणता येईपर्यंत तालीम चालली. कागदावर लिहिलेला सल्ला मला इतका उपयोगी पडला नसता, याची मला खात्री आहे.

दादा फक्त चौथ्या शनिवारला तयार झाला. पण येतो. परवा त्याने आईला स्वतः आंघोळ घातली.

ही थेरपी सगळ्यांना पुरेल असं नाही. जीव नकोसा वाटत असेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञच गाठायला हवेत, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे: १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर फोनमध्ये ठेवा.

आता मी सहावर आहे आणि सेशन महिन्यातून एकदाच असतं. पुढचं ध्येय ठरलंय: महिन्यातून एक दिवस पुण्याला ऑफिसात जायचं आणि रात्री मैत्रिणीकडे राहायचं. त्यासाठी रात्री आईजवळ झोपायला येतील अशा मावशींशी बोलायचंय. या आठवड्याचं काम तेच आहे.